पावसाच्या गांवीं पाण्याची वाण

रायगड जिल्ह्यांत वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरी वैशाखांत हरिहरेश्वरास निघालेल्या यात्रेकरूस वाटेवरील वाड्यांतून आटलेल्या विहिरी दिसाव्या, ह्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. जांभा खडक सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. मुरलेलें पाणी टिकत नाहीं, झिरपून सावित्रीच्या खाडीस मिळतें.

दुष्काळाची चाहूल गणितानें आधींच घ्यावी म्हणून आमचे तरुण डॉक्टरेटचे प्रबंध लिहितात, हा उद्योग स्तुत्य होय. परंतु १९९३ सालीं कोलोरॅडोंतील शास्त्रज्ञांनीं काढलेला व आज जगभर चालणारा पर्जन्य-निर्देशांक स्थळाच्या पावसाची तुलना त्याच स्थळाच्या नेहमींच्या पावसाशीं करतो. अर्थात् जी टंचाई दरसालची, ती त्याच्या हिशेबीं संकटच नव्हे! हंडा घेऊन चालणारी गृहिणी त्यास दिसतच नाहीं.

मराठवाडा-विदर्भांतील गांवांसाठीं, २०१८ सालीं सुरू झालेल्या शासकीय कृषि संजीवनी प्रकल्पाकरितां, मुंबईच्या आय. आय. टी.नें पाण्याचा ताळेबंद मांडला: पडलें किती, वाहिलें किती, मातींत राहिलें किती, खालीं मुरलें किती. तसाच ताळेबंद कोंकणच्या सड्यांसाठींही कोणी मांडील काय?

तोंवर आमच्या कोंकणस्थ वाचकभगिनींस विनंती, कीं विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या हें त्यांनीं दर पौर्णिमेस वहींत टिपावें. संशोधकास पावसाचे आंकडे सरकारी दप्तरांत मिळतील. आटण्याची तिथि मात्र त्या वहींतच सांपडेल.