लस चालते की नाही, हा प्रश्नच बाद करा

"ती कोविडची लस शेवटी चालली का रे? हो की नाही, एवढंच सांग."

हा प्रश्न मला २०२१ पासून छळतोय. गंमत अशी की विचारणाऱ्याची डिग्री जितकी मोठी, तितका आत्मविश्वास जास्त. गावाकडची माणसं निदान "काय माहीत बाबा" म्हणून सोडून देतात. आमच्या हिंजवडीतला सिनियर आर्किटेक्ट मात्र हातात ब्लॅक कॉफी घेऊन थेट निकालच देतो. एक तर "लसीनंच वाचलो आपण", नाहीतर "सगळा फार्मा कंपन्यांचा धंदा होता". मधलं काही नाही. ट्रू किंवा फॉल्स.

मंडळी, आपण आठवडाभर काय करतो? एखादा व्हेंडर येऊन "आमची सिस्टीम चालते" म्हणाला, तर सोडतो का त्याला? किती लोडवर, कुठल्या व्हर्जनवर, पडली तर किती वेळ पडते, आणि हे मोजलं कुणी, असं विचारून विचारून घाम फोडतो. नव्याण्णव पॉइंट नऊ आणि नव्याण्णव पॉइंट नऊ नऊ यांच्यातल्या फरकासाठी क्लायंटशी रात्री अकरा वाजता भांडतो. आणि स्वतःच्या दंडात टोचलेल्या गोष्टीबद्दल मात्र हो की नाही! माझं भांडण या "हो की नाही"शी आहे. दोन्ही बाजूंच्या.

कोविशील्ड घ्या. मूळ ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची, बनली आपल्या हडपसरच्या सीरममध्ये. डिसेंबर २०२० मध्ये चाचण्यांचे निकाल छापून आले तेव्हा एकत्रित परिणामकारकता होती ७०.४ टक्के, आणि दोन्ही डोस पूर्ण मात्रेचे घेतलेल्यांत सुमारे ६२. आता ६२ टक्के म्हणजे शंभरातल्या अडतीस जणांना कोविड होणार, असं छातीठोकपणे सांगणारे इंजिनियर मी पाहिलेत. तसं नाहीये ते. लस न घेतलेल्या गटात जेवढे लोक आजारी पडले, त्याच्या तुलनेत घेतलेल्या गटात ६२ टक्के कमी पडले, एवढाच अर्थ. न घेतलेल्या शंभरांत पाच, तर घेतलेल्या शंभरांत साधारण दोन.

मग डेल्टा आला. (हा आधी आपल्या महाराष्ट्रातल्याच नमुन्यांमध्ये सापडला होता, हे आपण सोयीस्कर विसरतो.) इंग्लंडमध्ये याच लसीची डेल्टाविरुद्ध मोजणी झाली. लक्षणांसकट आजार होण्यापासून संरक्षण एका डोसनंतर जेमतेम ३० टक्के, दोन डोसनंतर ६७. आणि हॉस्पिटलात भरती होण्यापासून, दोन डोसनंतर, ९२. एकच लस, एकच विषाणू, तीन उत्तरं. कारण प्रश्न तीन वेगळे होते. पुढे ओमायक्रॉननं "लागण होऊ नये" हा आकडा पार खाली आणला, तरी "मरू नये" हा आकडा बराच टिकून राहिला. म्हणजे "लस घेऊनही मला झालाच की कोविड" हे वाक्य शंभर टक्के खरं असू शकतं, आणि त्यावरून लस निकामी हा निष्कर्ष तितकाच खोटा.

अँटिबॉडीचंही तेच. २०२१ मध्ये लॅबवाल्यांनी अँटिबॉडी टेस्टची पॅकेजं काढली आणि आमच्या टीममध्ये कोणाचा आकडा मोठा याच्या पैजा लागल्या, जणू अप्रेझलचं रेटिंगच. सहा महिन्यांनी आकडे उतरले तर केवढी बोंबाबोंब! अरे, ते उतरणारच. शरीर कायम फुल लोडवर धावत नाही. रक्तातल्या अँटिबॉडी कमी होतात, पण आठवण ठेवणाऱ्या बी आणि टी पेशी मागे राहतात आणि पुढच्या वेळी लवकर कामाला लागतात. ते त्या टेस्टमध्ये दिसत नाही.

आणि "मला होऊन गेलाय, मग लस कशाला?" म्हणणारे? ते मूर्ख नव्हते. आजार होऊन गेल्यावर खरीखुरी प्रतिकारशक्ती येते. मे २०२१ मध्ये सरकारनंच बरं झाल्यावर तीन महिने थांबा असं सांगितलं. चूक फक्त एक: ती प्रतिकारशक्ती मिळवण्याची फी म्हणजे आधी तो आजार. न झालेल्या माणसाला "त्यापेक्षा होऊनच जाऊ दे" असा सल्ला देणं म्हणजे बॅकअप घेण्याऐवजी हार्ड डिस्क फोडून बघणं.

आता तो लाडका फॉरवर्ड. "हॉस्पिटलात भरती झालेल्यांत बहुसंख्य लस घेतलेलेच!" हा धादांत खोटा असता तर बरं झालं असतं. तो खरा असून फसवा आहे. समजा, एक हजार लोकांची सोसायटी आहे (आकडे माझ्या मनचे, हिशोबापुरते). ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. न घेतलेल्यांत १० टक्के भरती झाले, घेतलेल्यांत २ टक्के. म्हणजे १० आणि १८. वॉर्डात एकूण २८ जण, त्यातले १८ लस घेतलेले. चौसष्ट टक्के! झाला मेसेज तयार. आणि याच उदाहरणात लसीनं धोका पाचपट कमी केलाय. छेद बघितलाच नाही कोणी. चौथीत शिकवतात अंश आणि छेद.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी लसवाल्यांच्या पार्टीतला. थांबा.

माझे मामा पौडजवळच्या एका गावात राहायचे. (आयटीवाल्यांसाठी मुळशी म्हणजे पावसाळ्यात ताम्हिणीचे धबधबे. आपलं हिंजवडी आणि माणसुद्धा मुळशी तालुक्यातच येतं, हे बऱ्याच जणांना पत्त्यावर लिहूनही माहीत नसतं.) मामा बावन्न वर्षांचे. १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळीसच्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी रांगेत उभं राहून घेतली. त्याच सुमारास ११ ते १४ एप्रिल देशभर 'टीका उत्सव' साजरा झाला. उत्सव! दुसरी लाट डोक्यावर, आरोग्यमंत्री राजेश टोपे महाराष्ट्रात तीन दिवसांचाच साठा उरलाय म्हणून सांगतायत, आणि वर उत्सव. मामांनी ऐकलं ते एवढंच: लस घेतली, कवचकुंडलं मिळाली. मास्क खिशात गेला आणि मामा भावकीतल्या हळदीला गेले. डोसनंतर अकराव्या दिवशी ताप. महिनाअखेरीस गेले.

पहिल्या डोसचं संरक्षण सुरू व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात आणि तेही अर्धवट असतं, हे वाक्य त्यांना रांगेत कोणी सांगितलं नाही. पोस्टरवर ते बसत नसावं. घरच्यांनी तारखा जुळवल्या: लस घेतली, अकरा दिवसांत आजारी पडला, गेला. लसीनं गेला. मामीनं त्यानंतर आजतागायत एकही डोस घेतलेला नाही. मी तिला अडाणी म्हणणार नाही. तिच्याकडे जो डेटा होता, त्यावरून तिनं काढलेला निष्कर्ष आहे तो. डेटा अपुरा ठेवला तो आपण शहाण्यांनी.

त्यात मे महिन्यात अठराच्या पुढच्यांना लस खुली झाली तेव्हा जिल्ह्यातल्या ग्रामीण केंद्रांचे स्लॉट शहरातल्या मंडळींनी कोविनवर पटापट उचलले. फास्ट इंटरनेट, दोन मॉनिटर, काहींनी तर स्क्रिप्ट लिहिलेली. गावातल्या बायका केंद्राबाहेर आणि आत रांगेत पुण्याच्या गाड्यांमधून आलेली मुलं. आधी गाडीवाले आले आणि नंतर आशाताई "घ्या हो लस" म्हणत दारोदार. विश्वास कसा बसावा?

साइड इफेक्टच्या बाबतीत तर दोन्ही पार्ट्यांनी कहर केला. एक पार्टी म्हणे, "पूर्ण सुरक्षित, काहीही होत नाही." असं औषध अजून बनायचंय. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात आणि प्लेटलेट कमी होतात, हा संबंध असू शकतो असं युरोपच्या औषध नियामकानं ७ एप्रिल २०२१ लाच जाहीर केलं होतं. आपल्या राष्ट्रीय समितीनं १७ मे २०२१ ला आकडा दिला: कोविशील्डनंतर गुठळ्यांच्या २६ संभाव्य केसेस, दहा लाख डोसांमागे ०.६१. ब्रिटनचा आकडा दहा लाखांमागे ४ होता. आपली नोंदणीची यंत्रणा बघता खरा आकडा थोडा जास्त असावा असं मला वाटतं, पण दहापट धरला तरी तो दुसऱ्या लाटेतल्या मृत्यूंच्या जवळपासही जात नाही. जून २०२१ मध्ये लसीनंतरच्या तीव्र ॲलर्जीनं झालेला एक मृत्यूही याच समितीनं मान्य केला. हे सगळं तेव्हाच छापून आलेलं होतं.

म्हणून २०२४ ची "कबुली" वाचून माझी करमणूक झाली. ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या कोर्टात अत्यंत दुर्मिळ प्रसंगी असं होऊ शकतं हे मान्य केलं, आणि इकडे लोक तीन वर्षांपूर्वीच्या डोसपायी डी-डायमर टेस्ट करायला धावले. ती गुंतागुंत डोसनंतरच्या काही आठवड्यांत होते हो. तीन वर्षांनी नाही.

दुसरी पार्टी अजून भारी. तरुण मुलांच्या हृदयाला सूज येते, असे अमेरिकेतले व्हिडिओ फिरतात. बरोबर आहे, येते, क्वचित, मुख्यतः एमआरएनए लसींनंतर. पण फायझर आणि मॉडर्ना भारतात वापरल्याच गेल्या नाहीत! आपली देशी एमआरएनए लस बनवली जेनोव्हानं, हिंजवडी फेज टूमध्ये, तुमच्या बस स्टॉपपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिला परवानगी मिळाली जून २०२२ मध्ये, मुख्य मोहीम ओसरल्यावर. दुसऱ्याच्या प्रॉडक्टचा बग आपल्या प्रॉडक्टवर लॉग करायचा, यातला प्रकार.

आणि "तरुण पोरं पटापट मरतायत"? आयसीएमआरनं देशातल्या ४७ हॉस्पिटलांतून १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला: ७२९ मृत्यू, आणि तुलनेला त्याच वयाचे, त्याच परिसरातले २,९१६ जिवंत लोक. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. वाढलेला दिसला तो कोविडसाठी भरती झालेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास असलेल्यांत, आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू प्यायलेल्यांत आणि अतोनात व्यायाम केलेल्यांत. हे २०२३ मध्ये छापून आलं. तरी २०२५ मध्ये हासन जिल्ह्यातल्या मृत्यूंवर बोलताना कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी लसीकडे बोट दाखवलंच.

उलट दिशेचं उदाहरणही देतो. २०२४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांचा कोवॅक्सिनवरचा पेपर गाजला. ९२६ लोकांना फोन करून विचारलं, त्यातल्या जवळपास एक तृतीयांशांनी काही ना काही त्रास सांगितला. हेडलाइनच हेडलाइन. पण लस न घेतलेला गटच अभ्यासात नव्हता. ए/बी टेस्टिंग, त्यातला ए गायब. आयसीएमआरनं आक्षेप घेतला आणि त्याच वर्षी नियतकालिकानं पेपर मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी किती जणांपर्यंत पोचली?

लसविरोधकांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. दहा लाखांतला तो एक कोण? २०२१ मध्ये लसीनंतर दगावलेल्या दोन तरुण मुलींचे आईवडील सुप्रीम कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं तिथे सांगितलं की लस घेणं ऐच्छिक होतं, भरपाईची जबाबदारी आमची नाही, दिवाणी कोर्टात जा. ऐच्छिक! ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत दोन डोसांशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. ब्रिटनमध्ये लसीमुळे गंभीर इजा झाली तर भरपाई द्यायचा कायदा १९७९ पासून आहे (रक्कम पुढे वाढत १,२०,००० पौंड झाली), आणि म्हणून तिथे कोणी लसीकरण बंद पाडलेलं नाही. सगळ्यांच्या भल्यासाठी घेतलेल्या जोखमीचं बिल एकट्या घरावर फाडायचं आणि वर "पूर्ण सुरक्षित" म्हणायचं, याला मी विज्ञान म्हणत नाही.

हे आपल्याकडे आधीही झालंय. १८९७ च्या प्लेगात हाफकिननं मुंबईत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला एका बाटलीतल्या लसीनंतर १९ माणसं धनुर्वातानं मेली. सगळं खापर हाफकिनवर. तो दोषी नव्हता हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. रूट कॉज ॲनालिसिसला पाच वर्षं, आणि तोवर अफवांना मोकळं रान.

कोविड गेला, आता कशाला उकरून काढतोस, असं म्हणाल. सांगतो. आमच्या टीममधल्या एकानं मुलीचा गोवर-रुबेलाचा नऊ महिन्यांचा डोस "सध्या थांबवलाय". कारण विचारलं तर म्हणाला, कोविडच्या लसीचं काय झालं बघितलंस ना. एम.टेक. आहे. २०२२ मध्ये गोवंडीत गोवरानं मुलं दगावली, हे त्याला माहीतच नव्हतं. मी त्याला वरचे सगळे आकडे पाठवले, ०.६१ सकट, काहीही न लपवता. पोरगी आता अकरा महिन्यांची आहे. काल त्याचं उत्तर आलं, "बघतो."