राजदूतांचे बोल आणि येलवालचा प्रश्न

येलवाल (म्हैसूर), जानेवारी 2025 : अमेरिकेने 15 जानेवारी रोजी भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि इंडियन रेअर अर्थ्स या तीन भारतीय संस्थांना निर्यातनिर्बंधांच्या यादीतून वगळले. अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जेक सलिव्हन यांनी 6 जानेवारीला दिल्लीच्या आयआयटीतील भाषणात त्याचे सूतोवाच केले होते. परदेशी प्रतिनिधीच्या भाषणापाठोपाठ प्रत्यक्ष आदेश निघण्याचा असा योग क्वचितच येतो. एरवी अशा भाषणांवर वृत्तपत्रांतून वादळ उठते आणि ते शमल्यावर मूळ निर्णय कोणत्या कागदात उतरला, याचा मागोवा घेतला जात नाही.

म्हैसूर–हुणसूर मार्गावरील येलवालला हा प्रश्न जवळचा आहे. मराठी वाचकांना हे गाव परिचित असते ते सप्टेंबर 1957 मधील ग्रामदान परिषदेमुळे. विनोबा भावे यांच्या उपस्थितीतील त्या परिषदेला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि विविध पक्षांचे नेते आले होते. आज येलवालची ओळख वेगळी आहे. गावालगतच्या रत्नहळ्ळी येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘रेअर मटेरियल्स प्रोजेक्ट’ असून तेथे युरेनियमचे समृद्धीकरण होते. नौदलाच्या अणुपाणबुड्यांना लागणारे इंधन येथूनच मिळते, असे अभ्यासक मानतात. भारत आणि अमेरिका यांच्यातील अणुसहकार्याविषयी एखादा राजदूत बोलतो, तेव्हा या प्रकल्पाचे भवितव्यही अप्रत्यक्षपणे त्या चर्चेत येते.

याचे ठळक उदाहरण 2006 मधील आहे. अमेरिकेचे तत्कालीन राजदूत डेव्हिड मलफर्ड यांनी 25 जानेवारी रोजी ‘प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया’ला मुलाखत दिली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरोधात मत दिले नाही, तर प्रस्तावित अणुकरार अमेरिकी काँग्रेसमध्ये टिकणार नाही, असा तिचा आशय होता. प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला आलेल्या या विधानाने संताप उसळला. परराष्ट्र मंत्रालयाने दोन विषयांची सांगड घालण्याचा प्रयत्न स्पष्टपणे फेटाळला. परराष्ट्र सचिव श्याम सरन यांनी राजदूतांकडे नापसंती व्यक्त केली. डाव्या पक्षांनी त्यांना परत पाठवण्याची मागणी केली. राजदूतांनी खेद व्यक्त करीत आपले म्हणणे संदर्भ सोडून मांडले गेल्याचे सांगितले आणि ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचा खुलासा वॉशिंग्टनने केला.

वृत्तपत्रीय चर्चेचा मुख्य रोख राजदूताच्या उद्धटपणावर आणि सार्वभौमत्वावर होता. तो रोष रास्तच होता. परंतु पुढील घटनाक्रम अधिक बोलका ठरला. 4 फेब्रुवारी 2006 रोजी इराणचे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे कळवण्याचा ठराव 27 विरुद्ध 3 मतांनी संमत झाला आणि भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या हाइड कायद्यात, इराणला रोखण्याच्या प्रयत्नांत भारताचा पूर्ण व सक्रिय सहभाग मिळवणे हे अमेरिकी धोरणाचे उद्दिष्ट म्हणून नमूद करण्यात आले. हा कायदा आपल्यावर बंधनकारक नसल्याची भूमिका भारताने घेतली. तरीही राजदूताची जीभ घसरली म्हणून ज्या विधानाची बोळवण झाली, त्याचा गाभा अकरा महिन्यांनी कायद्याच्या मजकुरात आलाच.

त्याच काळात आणखी एक मुलाखत प्रसिद्ध झाली. अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी फेब्रुवारी 2006 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’शी बोलताना फास्ट ब्रीडर कार्यक्रम आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली देण्यास जाहीर विरोध केला. कोणता प्रकल्प नागरी आणि कोणता सामरिक, हे ठरवण्याचा अधिकार भारताचाच असावा, हा त्यामागचा आग्रह होता. मार्चमध्ये जाहीर झालेल्या विभाजन योजनेत 22 पैकी 14 अणुभट्ट्या देखरेखीखाली देण्याचे ठरले. कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडर भट्ट्या त्याबाहेर राहिल्या. नागरी यादीत रत्नहळ्ळीचाही समावेश झाला नाही. राजदूताच्या मुलाखतीने देशाचा स्वाभिमान जागवला, तर काकोडकरांच्या मुलाखतीने यादीत काय असावे, हा खरा प्रश्न वाचकांपुढे ठेवला. येलवालच्या दृष्टीने दुसरी अधिक मोलाची होती.

स्थानिक वृत्तपत्रांची अडचण मात्र समजून घ्यावी लागेल. म्हैसूरला कन्नड आणि इंग्रजी दैनिकांची सशक्त परंपरा आहे. ‘सुधर्मा’ हे संस्कृत दैनिकही याच शहरातून निघते. परंतु अणुऊर्जा कायदा 1962 मधील कलम 18 अणुप्रकल्पांविषयीची माहिती उघड करण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला देत होते. दिल्लीतील राजदूताचे भाषण काही मिनिटांत सर्वत्र पोहोचते. काही किलोमीटरवरील प्रकल्पाविषयी मात्र जपूनच लिहावे लागते. परिणामी, जे मोकळेपणाने बोलता येते त्यावरच चर्चा रंगते.

गोपनीयतेलाही मर्यादा असतात, हे कर्नाटकातच दिसले आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथे भाभा केंद्राला 1,810 एकर जमीन देण्यात आली, तेव्हा गावांच्या गायरानांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. यंत्रांविषयी मौन पाळूनही जमीन, पाणी आणि चराईचे हक्क यांविषयी लिहिता येते. राजदूताच्या भाषणात हे विषय कधीच येत नाहीत. ते मांडणे हे स्थानिक पत्रकारितेचेच काम आहे.

जुलै 2024 मध्ये राजदूत एरिक गार्सेट्टी यांनी, संघर्षाच्या काळात सामरिक स्वायत्तता असे काही नसते, अशा आशयाचे विधान केले, तेव्हाही टीकेची झोड उठली. राजदूतांना त्यांचे मत असू शकते आणि भारताचे मत वेगळे असू शकते, असे परराष्ट्र मंत्रालयाने संयतपणे सांगितले. सहा महिन्यांनी, त्याच राजदूतांच्या कार्यकाळात, तीन संस्था निर्बंधमुक्त झाल्या. कठोर शब्दांनी सहकार्य थांबले नव्हते आणि आता आलेल्या गोड शब्दांनी ते आपोआप वाढणारही नाही.

अणुअपघातातील उत्तरदायित्वाविषयीचा 2010 चा कायदा अमेरिकी कंपन्यांच्या आक्षेपाचा विषय होता. अशा विषयांवर पुढे एखादा राजदूत बोलेल, तेव्हा त्याच्या सुराइतकेच त्यानंतर निघणाऱ्या अधिसूचना, याद्या आणि विधेयके यांकडे वृत्तपत्रांना पाहावे लागेल. येलवालच्या वाचकाला आपल्या शेजारच्या प्रकल्पाविषयीचा निर्णय कळणार आहे तो त्याच कागदांतून.