नातीच्या जहाजाला हसणाऱ्या मंडळींस

मंडळी, मागच्या रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. शिरा खाता खाता कुणीतरी नातीला विचारलं, "सध्या काय चाललंय?" ती म्हणाली, जुन्या नौदलातल्या कोर्टमार्शलचा अभ्यास, फॅन फिक्शनसाठी. झालं, सगळे हसले. "दुसऱ्याची पात्रं घेऊन गोष्टी लिहायला कसला अभ्यास? आणि इंग्रजांची जहाजं कशाला, आपले कान्होजी आंग्रे काय वाईट?"

दुसऱ्याची पात्रं? मग मुक्तेश्वर, मोरोपंतांनी काय केलं? व्यासांचीच पात्रं घेतली ना! अभ्यासाला हसणारेच रोज सकाळी शिवाजी महाराजांच्या नावावर वाट्टेल तो मजकूर ग्रुपवर ढकलतात. तारीखसुद्धा बघत नाहीत.

या पोरीने मला 1792 च्या 'बाउंटी' खटल्याचं छापील इतिवृत्त वाचायला लावलं. पोर्ट्समथला 'ड्यूक' जहाजावर लॉर्ड हूड अध्यक्ष, बाकी न्याय करायला बसलेले सगळे कप्तान. सिनेमात दाखवतात तसा हातोडा कुठेच नाही. ज्याच्याविरुद्ध बंड झालं तो ब्लाय हजरच नव्हता. नीरफणसाची रोपं आणायला पुन्हा निघून गेला होता! दहा आरोपी. चार सुटले, सहांना फाशी. त्यातल्या दोघांना राजाची माफी मिळाली. एक हेवूड, चांगल्या घरचा, पाठीशी वजनदार माणसं. तिघांच्या पाठीशी कुणी नव्हतं. ते 29 ऑक्टोबरला 'ब्रन्स्विक' जहाजावर लटकले.

सहावा मसप्रॅट. त्याला दोन सहआरोपींची साक्ष हवी होती. ते आरोपी म्हणून कोर्टाने नाकारली, आणि मग त्याच कोर्टाने त्या दोघांना निर्दोष सोडलं. मसप्रॅटने या मुद्द्यावर हरकत घेतली आणि वाचला.

हे पान मी तीनदा वाचलं. बँकेत असताना मी एका खातेनिहाय चौकशीत चौकशी अधिकारी होतो. एका कारकुनाने प्रकरणातल्याच शिपायाची साक्ष मागितली. तोही आरोपी, म्हणून मी दोन ओळींत नकार लिहिला. नियम उघडून पाहिला नाही. कारकुनाची नोकरी गेली. पुढे शिपाई निर्दोष ठरला. कारकुनाला हरकत कशी घ्यायची ते सांगणारं कुणी नव्हतं, आणि मी तर टेबलाच्या या बाजूला होतो.

तेव्हा नातीला टाइमपास म्हणू नका. सध्या ती मसप्रॅटचं प्रकरण लिहितेय. नकार देणारा कप्तान काय विचार करत असेल, असं तिने काल मला विचारलं. मी म्हटलं, बस, सांगतो.