खापरीला लागलेला वास

गेल्या अंकानंतर एका वाचकाने विचारलं, 'कंधारच्या मासिकात दारूवर विशेषांक?' होय, पण ही दारू दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. ती प्यायची नाही, ओळखायची आहे.

२०१९ मध्ये स्पेनमधल्या कार्मोना इथे रोमन काळातल्या थडग्यात काचेचा कलश सापडला. त्यात सुमारे पाच लिटर द्रव होता आणि त्यातच मृताच्या अस्थी होत्या. तपासणीत तो द्रव म्हणजे वाइन निघाली. बातमी वाचून आम्हाला आठवलं ते आपलं तेर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजेच तेर, इथून भडोचला माल जाई असं आहे. त्याच भडोचला इटलीची वाइन उतरत असे. नेवाशाच्या उत्खननात दोन कानांच्या अँफोरांचे तुकडे मिळाले. गळती थांबावी म्हणून अशा सुरयांना आतून राळ फासत. मात्र पश्चिम भारतात रोमन म्हणून नोंदलेल्या काही खापऱ्या पुढे मेसोपोटेमियाच्या, डांबर लावलेल्या रांजणांच्या निघाल्या. आम्हाला ही दुरुस्ती शोधाइतकीच मोलाची वाटते.

राष्ट्रकूटांच्या कंधारात वाइन पोचली होती, असा आमचा दावा नाही. या अंकात खापरी कशी वाचायची ते आहे, शिवाय शिंदी आणि मोहाच्या भांड्यांवरही लेख आहे. तुमच्या घरी जुने रांजण, बुधले असतील तर त्यांची नावं आणि फोटो पाठवा. किल्ल्यातली खापरी मात्र उचलू नका, जागेवरच राहू द्या.