क्युसेक राहू द्या साहेब, गोठ्यात पाणी कधी येणार ते सांगा!

पूर ओसरला की आपल्याकडं दोन गोष्टी हमखास होतात. एक पंचनामा, दुसरी 'समन्वय बैठक'. पंचनाम्यावर परत कधीतरी. आज बैठकीवर बोलतो.

मी कृष्णाकाठचा. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर घरात घेतलेले. मागं अशाच एका बैठकीला गावातर्फे गेलो होतो. पाटबंधारेच्या साहेबांनी विसर्गाचे क्युसेक सांगितले. महसूलनं निवारा केंद्रांची यादी वाचली. बांधकामनं रस्त्यांची, पशुसंवर्धननं लसींची. सगळी माहिती खरी. मग आमच्यातले एक आण्णा उठले, म्हणाले, "साहेब, क्युसेक राहू द्या. माझ्या गोठ्यात पाणी कधी येणार?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

त्या साहेबांना नावं ठेवत नाही. उत्तर एकट्याकडं नव्हतंच. धरणातून किती सुटलं हे पाटबंधारेला ठाऊक. पण नरसोबाच्या वाडीला कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी मागं तुंबतं. त्यात धरणाखालचा पाऊस वेगळा, रस्त्याच्या भरावानं अडलेलं पाणी वेगळं, ओढा बुजवून झालेले प्लॉट वेगळे. आणि कुठल्या गल्लीत आधी शिरतं हे तर फक्त गावालाच ठाऊक. हे सगळं एका नकाशावर आल्याशिवाय आण्णांना उत्तर मिळत नाही. आणि ते एका नकाशावर आणायचं काम कुणाच्याच टेबलावर नाही!

म्हणून मग प्रत्येकाचा गुन्हेगार वेगळा. कुणाला अलमट्टी दिसतं, कुणाला अतिक्रमण, कुणाला ढगफुटी. चॅनेलवर भांडायला बरं पडतं. पण नदी काय खाती बघून वाहत नाही.

२०१९ ला लोक वेळेत का बाहेर पडले नाहीत? 'ऐकत नाहीत' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. खरं कारण दोन. एक, "२००५ ला पाणी पायरीपर्यंतच आलं होतं" हा हिशोब. दुसरं, दावणीची जनावरं. म्हैस सोडून कोण जाणार? म्हणजे गाव रिकामं करायचं असेल तर जनावरांचा डॉक्टर पहिल्या बैठकीत, पहिल्या रांगेत पाहिजे. आपण त्याला पाणी ओसरल्यावर बोलावतो.

कोण म्हणेल, तज्ज्ञांच्या कामात गावकऱ्यांचं काय काम? मी म्हणतो, तज्ज्ञांनाच एकमेकांची भाषा कळत नाही, तिथं गावाचं सोडाच. शेजारी खुर्च्या टाकल्या म्हणून समज एक होत नाही. ती एकत्र चालून, भांडून, एकच कागद भरून होते.

मागणी साधी आहे. जूनच्या आधी पाटबंधारे, महसूल, बांधकाम, कृषी, पशुसंवर्धन आणि गावातली चार जाणती माणसं, त्यात दोन बायका, यांनी नदीकाठ एकत्र पायी फिरावा. तिन्ही पुरांच्या खुणा शाळेच्या भिंतीवर रंगवाव्यात. मग प्रत्येक गावाचा एक कागद करावा : आयर्विन पुलाला ४० फूट, म्हणजे इशारा पातळी, तेव्हा आपल्या गावात पाणी कुठं, ४५ फूट, म्हणजे धोका पातळी, तेव्हा कुठं, जनावरं कधी हलवायची, कुठं न्यायची, वैरण कोण देणार. कोल्हापूरकडं राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट धरून असंच. खाली सगळ्या खात्यांच्या सह्या. अंदाज चुकला तर पुढच्या वर्षी दुरुस्त करा, पण कागद एकच ठेवा.

बैठक जमली का, याची माझी परीक्षा एकच. बांधकामच्या इंजिनिअरला आण्णांची म्हैस का हलत नाही हे सांगता आलं पाहिजे, आणि आण्णांना क्युसेक म्हणजे काय हे. तोवर तो नुसता चहा आणि बिस्किटं.

तुमच्या घराला २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, गावाच्या नावासकट खाली लिहा. सरकारनं कागद केला नाही तर आपण सुरुवात करू.