ॲक्सनारसाठी पैसे दिलेत? आता परत मागा

'ॲक्सनार' या स्टार ट्रेकच्या फॅन फिल्मसाठी तुम्ही, तुमच्या मुलीने किंवा फ्रिमाँटला असलेल्या भाच्याने पैसे दिले असतील, तर हे आवाहन तुमच्यासाठी आहे. पैसे परत मागा. लेखी मागा आणि याच महिन्यात मागा. ज्या पूर्ण लांबीच्या सिनेमासाठी ते घेतले गेले, तो आता निघणार नाही. 20 जानेवारी 2017 ला कोर्टाबाहेर झालेल्या तडजोडीत निर्मात्यांनी स्वतः ते कबूल केलं आहे.

ज्यांच्या कानावर हे प्रकरण आलेलं नाही त्यांच्यासाठी मागची हकिगत सांगते. 1969 साली मूळ मालिकेच्या एका भागात कॅप्टन गार्थ आला होता. एकेकाळचा मोठा सेनानी, आता भ्रमिष्ट झालेला. ॲक्सनारच्या लढाईचा नुसता उल्लेख तिथे होऊन गेला. गार्थच्या उमेदीच्या काळातली, क्लिंगॉन या परग्रहवासीयांशी झालेल्या युद्धाची ती गोष्ट पडद्यावर आणायची असं निर्माते ॲलेक पीटर्स यांनी ठरवलं आणि 2014 मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणी मागितली. पहिल्या फेरीत एक लाख डॉलरच्या वर जमले. त्यातून 'प्रील्यूड टू ॲक्सनार' हा वीसेक मिनिटांचा लघुपट झाला.

तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना लोकांनी भरभरून पैसे का दिले हे सांगावं लागणार नाही. दोन्ही बाजूंचे सेनानी माहितीपटात बसावं तसे कॅमेऱ्यासमोर बसून युद्धाच्या आठवणी सांगतात. टोनी टॉड आहेत, केट व्हर्नन आहेत, आणि क्लिंगॉन सेनापती खार्नच्या भूमिकेत रिचर्ड हॅच. कपाळावरच्या त्या जाड रंगभूषेतूनही त्यांचे डोळे बोलतात. मध्येमध्ये जहाजांच्या लढाईची दृश्यं येतात, ती कुठल्याही मोठ्या स्टुडिओच्या तोडीची. हॅच 7 फेब्रुवारी 2017 ला गेले. आता मोठा सिनेमा निघाला असता तरी हा खार्न त्यात दिसला नसता, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या लघुपटाच्या जोरावर 2014 च्या उन्हाळ्यात दुसरी फेरी झाली. 8,548 लोकांनी 6,38,471 डॉलर दिले. माणशी सरासरी पाऊणशे डॉलर, तेव्हाच्या भावाने साडेचार हजार रुपयांच्या आसपास. पुढच्या वर्षी इंडिगोगो या दुसऱ्या संकेतस्थळावर आणखी पावणेसहा लाखांच्या घरात जमले. सगळे मिळून तेरा लाख डॉलरच्या वर. हे काही धनदांडग्यांचे पैसे नव्हते. दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक पाहत वाढलेल्या आपल्या पिढीला तो ओढा काय असतो ते वेगळं सांगायला नको. कुणी पन्नास डॉलर दिले, कुणी शंभर. बदल्यात ब्लू-रे, कापडी बिल्ले, टीशर्ट आणि सिनेमा मिळणार होता.

पैशाचा मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या वॅलेन्सिया इथलं एक गोदाम भाड्याने घेऊन त्याचा स्टुडिओ करण्यात गेला. सिनेमाचं मुख्य चित्रीकरण सुरू होण्याआधीच, 29 डिसेंबर 2015 ला, पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी स्वामित्वहक्काचा दावा ठोकला. पात्रं आमची, जहाजं आमची, व्हल्कन आणि क्लिंगॉन आमचे, तुम्ही परवानगी घेतलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. गेली कित्येक वर्षं चाहत्यांच्या अशा फिल्म त्या कंपन्या चालवून घेत होत्या, ही गोष्ट खरी. पण चालवून घेणं म्हणजे लेखी परवानगी नव्हे. जून 2016 मध्ये त्यांनी फॅन फिल्मसाठी नियमच काढले: एक भाग 15 मिनिटांहून मोठा नको, एका गोष्टीचे दोनच भाग, लोकवर्गणी 50,000 डॉलरच्या आत, आणि काम करणारे हौशीच हवेत. 2017 च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात न्यायमूर्ती गॅरी क्लाउसनर यांनी निर्मात्यांचा 'रास्त वापरा'चा (फेअर यूज) बचाव फेटाळला. 31 तारखेला ज्युरीपुढे सुनावणी उभी राहणार होती. त्याआधीच तडजोड झाली.

तडजोडीचा मजकूर नीट वाचा. कंपन्यांना मान्य असलेली हद्द आपण ओलांडली, असं निर्मात्यांनी त्यात म्हटलं आहे. ॲक्सनार आता जास्तीत जास्त पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन भागांत करायचा आणि त्यासाठी लोकांकडून जाहीर वर्गणी मागायची नाही. 'प्रील्यूड' जाहिरातींशिवाय यूट्यूबवर राहू शकतो. म्हणजे दीड-दोन तासांच्या सिनेमासाठी दिलेल्या पैशात मिळाली तर अर्ध्या तासाची फिल्म मिळेल.

काहींना तेवढं चालेल. त्यांनी खुशाल वाट पाहावी, त्यांच्या निष्ठेला माझा नमस्कार. पण ज्यांना चालणार नाही, त्यांना परत मागण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पैसे मागणाऱ्यांना फितूर ठरवणं, स्टुडिओचे हस्तक म्हणणं थांबवा, अशी माझी बाकीच्या चाहत्यांना कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे गल्लीतलं गणेश मंडळसुद्धा विसर्जनानंतर वर्गणीचा जमाखर्च फळ्यावर लावतं आणि विचारणाऱ्याला कुणी धर्मबुडवा म्हणत नाही. मी कुणाला चोर म्हणत नाही. तसा आरोप सिद्ध झालेला नाही आणि माझा तो हेतूही नाही. तेरा लाखांतले किती, कशावर गेले आणि किती उरले, हे देणाऱ्यांना पावत्यांनिशी कळलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता कामाचं. किकस्टार्टरच्या ज्या अटींवर तुम्ही पैसे दिलेत, त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की कबूल केलेली वस्तू द्यायची, नाहीतर पैसे परत करायचे. त्या अटी ऑक्टोबर 2014 मध्ये बदलल्या, सौम्य झाल्या. पण नव्या अटी त्यानंतर सुरू झालेल्या मोहिमांना लागू आहेत आणि ॲक्सनारच्या किकस्टार्टरवरच्या दोन्ही मोहिमा आधीच्या आहेत. "आता नियम बदललेत" असं उत्तर आलं तर ते मान्य करू नका. किकस्टार्टर मात्र स्वतः पैसे परत देत नाही, देणं निर्मात्याचं आहे. इंडिगोगोचं थोडं अवघड आहे, तिथे निर्मात्याने देणाऱ्याशी बोलून समाधानकारक तोडगा काढायचा असतो. तरीही मागणी लेखी गेलेली असलीच पाहिजे. क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार करायची मुदत केव्हाच उलटून गेली, त्या वाटेला जाऊन वेळ घालवू नका.

जुन्या ईमेलमध्ये पावती शोधा. तिच्यावर रक्कम, तारीख आणि बदल्यात काय मिळणार होतं ते असतं. मोहिमेच्या पानाची, विशेषतः पूर्ण लांबीच्या सिनेमाचं आश्वासन जिथे आहे त्या भागाची, प्रत काढून ठेवा. मग निर्मात्यांना साध्या शब्दांत पत्र लिहा: मी अमुक तारखेला इतके डॉलर दिले, अमुक वस्तू आली नाही, पूर्ण लांबीचा सिनेमा आता होणार नाही, म्हणून तीस दिवसांत रक्कम परत करा किंवा हिशोब पाठवा. शिवीगाळ नको, धमकी नको. कलाकारांना तर मुळीच त्रास देऊ नका, हिशोब त्यांच्या हातात नाही. ईमेलबरोबर तेच पत्र मोहिमेच्या पानावरच्या संदेशपेटीतूनही पाठवा, म्हणजे मिळालं नाही असं कुणाला म्हणता येणार नाही.

उत्तर आलं नाही तर कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना लघुवाद न्यायालय उघडं आहे. तिथे 2017 मध्ये एका व्यक्तीला 10,000 डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येत होता. लेखी कराराच्या भंगाला त्या राज्यात चार वर्षांची मुदत आहे. ती नेमकी केव्हापासून मोजायची यावर समोरचा वाद घालू शकतो, म्हणून दावा लावण्याआधी मुदत उरली आहे का ते विचारून घ्या. दुसऱ्या राज्यांतल्यांनी आपापल्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार नोंदवावी. वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलने 2014 मध्ये किकस्टार्टरवरच्या एका पत्त्यांच्या कॅटच्या निर्मात्यावर खटला भरला आणि 2015 मध्ये जिंकला. त्या राज्यातल्या अवघ्या 31 जणांचे मिळून 668 डॉलर परत करायचे होते, दंड आणि खर्च धरून हुकूम मात्र 54,851 डॉलरचा झाला. आकडा लहान म्हणून कुणी तक्रार हसण्यावारी नेली नाही. तिथल्या सिएटल, रेडमंडच्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. भारतात असलेल्यांना अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करता येते. ते एकेकाचे पैसे मिळवून देत नाहीत, पण तक्रारी साचल्या की दखल घेतात.

घाई का, याचंही उदाहरण तिथलंच आहे. 2015 मध्ये याच कमिशनने एका बोर्ड गेमच्या निर्मात्याला पकडलं. 1,246 लोकांकडून त्याने 1,22,000 डॉलरच्या वर घेतले होते आणि खेळ काही दिला नव्हता. 1,11,793 डॉलर भरायचा हुकूम निघाला, पण द्यायला त्याच्याकडे काहीच नव्हतं म्हणून वसुली स्थगित ठेवावी लागली. हुकूम निघूनही त्याच्याकडून लोकांच्या हाती पैसे पडले नाहीत. ॲक्सनारच्या पैशातूनही गोदामाचं भाडं जात होतं, आणि आज खात्यात जे असेल ते सहा महिन्यांनी नसेल.

"तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा" असा कुणाचा निरोप आला, तर एक पैसाही देऊ नका. अशा प्रकरणांच्या मागे हे लोक हमखास येतात. कार्डाचा क्रमांक किंवा पावतीवरचा घरचा पत्ता कुणालाही पाठवू नका.

हे आवाहन आपल्या व्हॉट्सॲप गटांत आणि परदेशातल्या नातेवाइकांकडे पाठवा. ज्याने पैसे दिले आहेत त्याला आज रात्री पावती शोधायला बसवा, आणि या रविवारच्या आत त्याचं पत्र गेलं की नाही ते फोन करून विचारा.