नकाशातले मैदान

पेणचे गणपती कारखाने असोत की रोह्याचा कुंडलिकाकाठ, हिंडताना मला एकच प्रश्न पडतो: इथल्या मुलांनी खेळायचे कुठे? उत्तर विकास आराखड्यात असते. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार उद्यान, क्रीडांगणासाठी जागा राखून ठेवता येते. पण आरक्षण म्हणजे मैदान नव्हे! आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते. मालकाची जमीन कायम अडकवणेही अन्यायच. म्हणून प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना नोंदवाव्यात आणि दरवर्षी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात भूसंपादनाची तरतूद शोधावी. नाहीतर मैदान नकाशात राहील आणि मुले रस्त्यावर.